सही करायची घाई कुणाला?

आम्ही छत्रपती संभाजीनगरच्या पुंडलिकनगरातल्या बचत गटाच्या बाया. आज आम्हाला घराबद्दल बोलायचं आहे. नवीन घर कसं घ्यावं, त्याला कर्ज कुठं मिळतं, हे सांगणाऱ्या पुष्कळ जणी आहेत. आम्ही बोलणार आहोत ते राहत्या घराबद्दल. ते घर मागायला कुणी दारात आलं आणि घरातली म्हातारी बाई ‘नाही’ म्हणाली, तर काय होतं, ते सांगायचं आहे.

तुम्ही म्हणाल, शहरातल्या घरांचं आम्हाला काय? पण आमच्या गल्लीत शहरातच जन्मलेली बाई शोधून काढावी लागते. कुणी सिल्लोडकडची, कुणी पैठणची, कुणी जालन्याची, कुणी बीडची. आमच्या घरांच्या पायात तुमच्याच गावांची शेतं गेली आहेत. कुणी अर्धा एकर विकला, कुणी बैलजोडी विकली, कुणाच्या पाटल्या मोडल्या. आणि आमच्या दारात जो माणूस आला, तो आता समृद्धी महामार्गाच्या कडेच्या गावांतही मोटारसायकल घेऊन फिरतो आहे. तेव्हा ऐका.

आधी आमची वस्ती कशी झाली ते सांगतो. चिकलठाण्याला, मग वाळूजला कारखाने आले आणि गावोगावची माणसं कामाला आली. १९८२ साली इथं महानगरपालिका झाली. पगारातून भाडं देणं जड जायचं आणि रीतसर लेआउटमधला प्लॉट परवडायचा नाही. शहराच्या कडेच्या शेतांचे मालक मग गुंठ्यानं जमीन विकायला लागले. वीस बाय तीसचा प्लॉट, म्हणजे सहाशे चौरस फूट. गुंठा एक हजार एकोणनव्वद फुटांचा, हे तुम्हाला सांगायला नको. तेव्हा अर्ध्या गुंठ्याहून थोडी जास्त जागा. एवढे लहान तुकडे करायला कायद्यानं बंदी होती, म्हणून खरेदीखत होत नव्हतं. बॉण्ड पेपरवर लिहून घ्यायचं, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्यायच्या आणि दुसऱ्या दिवशी चार पत्रे ठोकून राहायला यायचं. यालाच गुंठेवारी म्हणतात. पुंडलिकनगर, हनुमाननगर, जयभवानीनगर या आमच्या पट्ट्यात अशी घरं पुष्कळ.

घर एका दमात कुणीच बांधलं नाही. आधी पत्रे, मग विटा, बोनस मिळाला की फरशी, मुलाला नोकरी लागली की स्लॅब. रस्ता नव्हता, ड्रेनेज नव्हतं, पावसाळ्यात चप्पल हातात घेऊन चालायचं. दिवसभर माणूस कारखान्यात असायचा आणि घरावर पाणी मारायची ती बाई. पंचवीस-तीस वर्षं ज्यांनी विटा भिजवल्या, त्या आज सत्तरीच्या आहेत. पण कागदावर नाव कुणाचं? नवऱ्याचं. हे लक्षात ठेवा, पुढं यावरच सगळं अडलं.

२००१ साली गुंठेवारीचा कायदा झाला. ठरलेलं शुल्क भरून घर नियमित करून घेता येऊ लागलं. २०२१ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि २०२० च्या डिसेंबर अखेरपर्यंतची बांधकामं त्यात आली. ज्यांनी शुल्क भरलं त्यांच्याकडे प्रमाणपत्र आलं. ज्यांनी ‘बघू पुढं’ म्हटलं, ते अजून बघतच आहेत.

आता त्या माणसाकडे येऊ.

तीन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर एक एजंट गल्लीत आला. चांगला बोलायचा, सगळ्यांना मावशी म्हणायचा. गल्लीच्या तोंडाशी, मोठ्या रस्त्याला लागून, चार घरं ओळीनं आहेत. तो म्हणाला, चार घरं एक करू. खाली पार्किंग, वर चार मजले, आठ फ्लॅट. चार तुमचे, चार बिल्डरचे. वर थोडे पैसे. तुम्हाला एक रुपया घालायचा नाही. लिफ्ट मिळेल.

चारच घरं का आणि तीच का, हे आम्हाला तेव्हा कळलं नव्हतं. आता कळतं. २०२० च्या डिसेंबरात राज्यानं, मुंबई वगैरे सोडून, बहुतेक शहरांसाठी बांधकामाची एकच नियमावली लागू केली. तिच्यात मेख अशी की समोरचा रस्ता जितका रुंद, तितकं बांधकाम जास्त करता येतं. त्याला चटई क्षेत्र म्हणतात. आतल्या बोळातल्या घरावर जेवढं चढवता येतं, त्याहून जास्त रस्त्यावरच्या घरावर चढतं. एकट्या सहाशे फुटांवर बिल्डरला काही परवडत नाही, चार जोडले की परवडतं. म्हणजे त्या सहाशे फुटांची किंमत आमच्या विटांची नव्हती, समोरच्या रस्त्याची होती. आणि चारातलं एक घर अडलं की चौघांचंही अडतं.

चारातलं एक घर माईंचं.

माई चौऱ्याहत्तर वर्षांच्या. त्यांचे मालक कारखान्यातून निवृत्त झाले आणि दोन वर्षांत गेले. दोन मुलं, एक पुण्याला, एक इथंच पण दूर दुसऱ्या भागात. मुलगी अंबडकडे दिलेली. माई खाली राहतात आणि वरच्या दोन खोल्या भाड्यानं देतात. भाडेकरू म्हणजे खेड्यातून परीक्षेच्या अभ्यासाला आलेली पोरं. तुमच्यातल्या कुणाचं लेकरूही माईंच्या वरच्या खोलीत राहून गेलं असेल.

बाकीच्या तीन घरांनी होकार दिला. माई म्हणाल्या, “मला नाही करायचं.” आणि आत जाऊन भाजी निवडायला बसल्या.

इथं आम्हाला आमची चूक सांगितली पाहिजे, कारण ती सांगायचीच म्हणून आज बोलायला आलो आहोत. त्या तीन घरांपैकी दोन आमच्या गटातल्या बायांची. आम्हाला वाटलं, म्हातारी अडून बसली. तिचं झालं जगून, आमची लेकरं अजून लहान आहेत. एकीच्या नवऱ्याचे गुडघे गेलेले, जिना चढता येत नाही, तिला लिफ्ट म्हणजे देवच दिसत होता. दुसरीचा स्लॅब गळतो, सळया बाहेर आल्यात. त्यांची गरज खोटी नव्हती. पण आम्ही काय केलं? आधी हळदीकुंकवाला त्यांच्याशी बोलणं तोडलं. मग त्यांच्या मुलाला पुण्याला फोन लावला. “आईला समजवा,” म्हणालो. बिल्डरचं काम आम्हीच केलं, आणि फुकट केलं.

मुलगा आला, सोबत हक्कसोडपत्राचा कागद घेऊन आला. “आई, तुला कचेरीत कुठं चकरा मारायला लावायच्या? तू आणि ताई आमच्या नावावर सोडून द्या, पुढचं आम्ही बघतो.” त्याच्या मनात पाप होतं असं आम्ही म्हणत नाही. पोरगा आईचा चांगला आहे. पण त्यानं कागद आणला तो भरूनच आणला, सहीची जागा तेवढी मोकळी.

माई त्या दिवशी आमच्या बैठकीला आल्या. रागानं नाही आल्या. म्हणाल्या, “पोरींनो, मी अडाणी. तुम्ही गटाचं रजिस्टर लिहिता, मला चार गोष्टी सांगा. घर पाडलं की नवं होईपर्यंत मी कुठं राहू? त्याचं भाडं कोण देईल? फ्लॅट कुणाच्या नावावर होईल? आणि वरच्या खोल्यांचं भाडं येतं, त्यावर माझी औषधं नि किराणा चालतो. फ्लॅटमध्ये भाडेकरू कुठं ठेवू, न्हाणीत?”

आम्ही एकमेकींकडे बघायला लागलो. एकाचंही उत्तर आम्हाला येत नव्हतं, आणि आम्ही तर हो म्हणून मोकळ्या झालो होतो.

मग आम्ही कराराच्या कागदाची झेरॉक्स मागितली. एजंट म्हणाला, सही झाल्यावर देतो. आमच्यातली एक भांडकुदळ आहे, तिनं ती मिळवली. तो कागद घेऊन आम्ही जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात गेलो. हे नीट ऐका, तालुक्याच्या कोर्टातही विधी सेवा समिती असते. १९८७ च्या कायद्याप्रमाणे बाईला तिथं मोफत वकील मिळतो. तिचं उत्पन्न किती, हे बघत नाहीत. श्रीमंत असो की गरीब, बाई असली की झालं. पंधरा हजार शंभर नव्हे, एक-पाच-एक-शून्य-शून्य, असा त्यांचा फोन नंबर आहे, १५१००. आम्ही दहा वर्षं गट चालवतो, आम्हाला हे माहीत नव्हतं.

वकीलबाईंनी कागद वाचला आणि पहिला प्रश्न विचारला, “घर कुणाच्या नावावर आहे?” माईंच्या मालकांच्या. ते जाऊन आठ वर्षं झालेली, वारस नोंद कुणी केलीच नव्हती. मग त्यांनी सांगितलं ते आम्ही सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं. नवऱ्यानं स्वतः कमावलेलं घर असेल, मृत्युपत्र न करता तो गेला असेल, तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे बायको, मुलगे, मुली आणि नवऱ्याची आई जिवंत असेल तर ती, या सगळ्यांचा सारखा वाटा. माईंच्या घरी सासू नाही. तेव्हा माई, दोन मुलगे आणि मुलगी, प्रत्येकाचा चौथा हिस्सा. अंबडच्या मुलीचासुद्धा. बौद्ध, जैन, शीख घरांनाही हाच कायदा लागू आहे. मुस्लिम मैत्रिणींचा कायदा वेगळा आहे, हिस्से वेगळे आहेत, पण बायकोचा आणि लेकीचा वाटा त्यातही आहेच.

“आणि हक्कसोडपत्र?” आम्ही विचारलं. त्या म्हणाल्या, ते एकदा नोंदवलं की तो वाटा गेला. नंतर ‘मला समजलं नव्हतं’ म्हणून कोर्टात भांडता येतं, पण वर्षं जातात. सखी, भाऊबीजेला ओवाळणी घेऊन बहिणी जी सही करून येतात, ती हीच.

मग कराराचा कागद. त्यात बांधकाम कधी पूर्ण करायचं त्या तारखेची जागा कोरी. मधल्या काळातल्या घरभाड्याचा शब्द नाही. उशीर झाला तर काय, त्याचा शब्द नाही. आणि शेवटच्या पानाला जोडलेलं कुलमुखत्यारपत्र. म्हणजे तुमच्या नावानं सगळ्या सह्या करायचा अधिकार दुसऱ्याला. त्यात जागा गहाण ठेवायचाही अधिकार लिहिला होता. तीन घरांनी ‘हो’ म्हटलं ते याला.

महारेरा आहे की, असं एकीनं विचारलं, टीव्हीवर बघितलेलं. ते आहे. २०१७ पासून मोठ्या प्रकल्पांना तिथं नोंदणी करावी लागते. पण जागा पाचशे चौरस मीटरच्या आत असेल किंवा फ्लॅट आठपेक्षा जास्त नसतील, तर नोंदणीची सक्ती नाही. पाचशे मीटर म्हणजे जवळजवळ पाच गुंठे. आमची चार घरं मिळून सव्वादोनशे मीटरही भरत नव्हती. आणि फ्लॅट किती? आठ. मोठ्या सोसायटीतल्या माणसाला जे कवच आहे, ते आमच्यासारख्या सहाशे फुटवाल्यांना नाही. लहान घराच्या मालकानं म्हणूनच कागद जास्त बघायचा, आणि आपण तर कमी बघतो.

त्या दिवशी कोर्टाच्या बाहेर आम्ही चहा प्यालो. कुणी फार बोललं नाही. माईंनीच पैसे दिले.

नंतर आम्ही चौघींनी मिळून बिल्डरकडे निरोप दिला. भाडं किती आणि कधीपर्यंत ते लिहा, तारीख लिहा, उशिराचा दंड लिहा, गहाण ठेवायचा अधिकार काढा, आणि फ्लॅटच्या कागदावर घरच्या बाईचं नाव घाला. त्यानं दोन गोष्टी मान्य केल्या, तीन नाही केल्या. मग तोच यायचा बंद झाला. खरा बांधणारा असता तर तो बोलायला बसला असता, असं वकीलबाई म्हणाल्या. आम्हालाही तसंच वाटतं. पण सगळेच बिल्डर तसे असतात असं नाही. आमच्या ओळखीच्या दोन घरांना चांगला अनुभव आहे, त्यांना फ्लॅट वेळेवर मिळाला. त्यांनी करार रजिस्टर केला होता आणि पैशाचा व्यवहार सगळा बँकेतून केला होता.

म्हातारं माणूस घर सोडायला नको म्हणतं, तेव्हा आपण म्हणतो, जीव अडकलाय. जीव अडकतोच, त्यात वाईट काय? पण माईंचं ऐकल्यावर कळलं, त्यात हिशेबही असतो. खालच्या मजल्यावरचं दार, म्हणजे जिना नाही. ओट्यावर बसलं की भाजीवाला, दूधवाला, शेजारीण दिसते. पडलं-झडलं तर आरडाओरडा ऐकू जातो. ओट्याखाली हौद आहे. आमच्या शहराला पाणी येतं पैठणच्या जायकवाडीतून, पन्नासेक किलोमीटरवरून, आणि कित्येक भागांत नळाला आठ-आठ दिवसांनी येतं. त्या हौदावर माईंचे आठ दिवस निघतात. चार घरांच्या जागी आठ कुटुंबं आली तर नळाची पाइपलाइन तीच, बोअरचं पाणी तेवढंच. याचा विचार आम्ही कुणीच केला नव्हता, माईंनी केला होता.

अशा म्हाताऱ्या जगात सगळीकडे आहेत. अमेरिकेत सिअॅटल नावाचं शहर आहे. तिथं ईडिथ मेसफील्ड नावाची बाई होती, २००६ साली चौऱ्याऐंशी वर्षांची. तिच्या छोट्या घराच्या जागेला दहा लाख डॉलर देऊ केले होते, असं सांगतात. ती म्हणाली, नको. मग बिल्डरनं तिच्या घराला तीन बाजूंनी वेढून पाच मजली इमारत उभी केली. मधे तिचं घर, खोबणीत बसवल्यासारखं. गंमत पुढं आहे. त्या इमारतीच्या कामावरचा मुख्य माणूस तिला दवाखान्यात नेऊ लागला, तिचं जेवण करू लागला. २००८ साली ती तिच्याच घरात गेली आणि घर त्या माणसाच्या नावावर करून गेली. लोक तिला लढवय्यी म्हणतात. आम्हाला वाटतं, तिला कुणाशी लढायचंच नव्हतं. तिला घरी राहायचं होतं आणि कुणीतरी सोबत हवं होतं. आपल्या मुंबईत गिरगावात खोताची वाडी आहे, व्हरांड्याची लाकडी घरं आहेत तिथं. बरीच पडून त्या जागी इमारती आल्या. जी उरली, त्यांतली कित्येक तिथल्या मालकांनी विकायला नकार दिला म्हणून उरली.

पण सगळ्याच वेळी ‘नाही’ म्हणायची सोय नसते, हेही सांगायला हवं. बिल्डरला तुमची सही लागते. रस्त्याला लागत नाही. २०२५ च्या जून महिन्यात आमच्या शेजारच्या मुकुंदवाडीतून महापालिकेची रस्ता रुंदीकरणाची पाडापाडी सुरू झाली आणि पुढं शहरातल्या इतर मोठ्या रस्त्यांवर गेली. रस्ते रुंद हवेत, रुग्णवाहिका अडकते तेव्हा आपणच ओरडतो. पण जेसीबी आल्यावर बायका पत्र्याच्या पेट्या उचलत होत्या आणि कागद शोधत होत्या, ते आम्ही बघितलं आहे. कुणाचं टॅक्सचं बिल सापडेना, कुणाचं गुंठेवारीचं प्रमाणपत्र मुलाकडे, मुलगा कामावर.

रस्ता कुठून जाणार हे आराखड्यात आधीच लिहिलेलं असतं. आमच्या शहराचा नवा विकास आराखडा २०२४ च्या मार्चमध्ये लोकांच्या हरकतींसाठी लावला होता. हजारो हरकती गेल्या. आमच्या गल्लीतून किती बायका तो नकाशा बघायला गेल्या? एकही नाही. माई नाही, आम्ही नाही. तिथं जाऊन आपल्या घरावरून रेघ गेली आहे का, एवढं तरी बघायला हवं होतं. मुदत तीस दिवसांची असते, मग दार बंद.

तुमच्या गावातही नकाशे येतात. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोन उडवून गावठाणातल्या घरांची मोजणी सुरू झाली, घराची सनद मिळते, मिळकत पत्रिका होते. त्या कागदावर नाव कुणाचं चढतं आहे, ते मोजणीच्या वेळीच बघा. ग्रामपंचायतीच्या नमुना आठच्या उताऱ्यावर नवरा-बायको दोघांचं नाव लावता येतं, शासनाचा तसा नियम आहे. नवरा वारला असेल तर वारस नोंद करून घ्या, लेकींची नावंही लागू द्या. भाऊ रुसतील. आमच्या गटात तिघींचे रुसले होते.

आणखी एक, म्हाताऱ्या माणसांसाठी. २००७ साली आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांचा कायदा झाला. मुलं सांभाळत नसतील तर प्रांताकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. महिन्याला दहा हजारांपर्यंत निर्वाह भत्ता ठरवून मिळू शकतो. आणि ‘मला सांभाळशील’ या अटीवर घर मुलाला बक्षीस दिलं आणि त्यानं सांभाळलं नाही, तर ते बक्षीसपत्र रद्द करून मागता येतं. २०२५ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानं मध्य प्रदेशातल्या एका आईचं बक्षीसपत्र असंच रद्द केलं, घर तिला परत द्यायला सांगितलं. पण त्या केसमध्ये मुलानं सांभाळण्याचं वचन लिहून दिलेलं होतं. कोर्ट अट बघतं. म्हणून तोंडी ‘सांभाळीन गं आई’ यावर भागवू नका, बक्षीसपत्रातच ती ओळ लिहून घ्या. लेकरावर अविश्वास वाटतो का? वाटू द्या थोडा. आपण गटात सख्ख्या जावेला कर्ज देतानाही सही घेतोच ना.

ज्येष्ठांसाठी सरकारचा मदतीचा फोन १४५६७ आहे. तोही लिहून ठेवा.

आता आमच्या गल्लीचं काय झालं ते. गुडघेवाल्या शेजाऱ्यांनी आपलं घर विकलं आणि दुसरीकडे लिफ्टच्या इमारतीत गेले. खूश आहेत, आम्ही सत्यनारायणाला जाऊन आलो. जाताना त्यांनी माईंच्या पाया पडून घेतलं. गळक्या स्लॅबवालीनं गटातून कर्ज काढून स्लॅब दुरुस्त केला, हप्ते चालू आहेत, एखादा चुकतो. माईंच्या घराला आता चार नावं लागली आहेत. मृत्युपत्र त्यांनी फक्त स्वतःच्या चौथ्या हिश्श्याचं केलं, तेवढंच त्यांना करता येतं. कुणाला दिला ते त्यांनी आम्हाला सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. पुण्याचा मुलगा एक दिवाळी आला नाही. पाडव्याला आला, वरच्या खोलीचा नळ दुरुस्त करून गेला. “माझ्यानंतर तुम्हाला काय करायचं ते करा,” असं माई त्याला म्हणाल्या, त्यावर तो काही बोलला नाही.

मागच्या आठवड्यात दुसरा एक एजंट आला होता. माईंनी त्याला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाल्या, “कागद ठेवून जा बाबा. बुधवारी आमच्या गटाची बैठक असते, तिथं वाचू.” त्यानं कागद ठेवला आहे. वीस पानं आहेत. बुधवारी बसणार आहोत.